पाहिलेल्या पक्ष्यांची नोंद कशी ठेवावी, आणि ती कुणाला किती सांगावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फलटणजवळच्या एका पाझर तलावावर आणि त्यापलीकडच्या माळावर तुम्ही बऱ्याच वर्षांपासून पक्षी पाहता, दिसलेल्या पक्ष्यांची नावे वहीत लिहिता आणि छायाचित्रे व्हॉट्सॲपच्या गटावर टाकता. आता गटातील काही जण ‘ई-बर्डवर यादी भरा’ म्हणून, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी जमा करणाऱ्या त्या संकेतस्थळावर किंवा त्याच्या ॲपवर नोंद करा म्हणून, मागे लागले आहेत. दुसरीकडे एक ज्येष्ठ निरीक्षक ‘जागा उघड केलीत तर कॅमेरेवाले माळ तुडवून टाकतील’ असे बजावतात. तेव्हा वही ठेवावी की ॲप वापरावे, कोणती गोष्ट सर्वांना सांगावी आणि कोणती स्वतःपाशी ठेवावी, आणि साठलेल्या जुन्या वह्यांचे काय करावे, असे तुम्ही विचारले आहे.

वही की ॲप, हा यातला खरा प्रश्न नाही असे मला वाटते. जो माणूस त्या दिवशी तुमच्याबरोबर तलावावर नव्हता, त्याला पाच वर्षांनी तुमची नोंद वाचून काय कळेल, हा खरा प्रश्न आहे. ‘आज तलावावर चक्रवाक दिसले’ एवढे लिहिले तर चक्रवाक तिथे येतात इतकेच कळते. पुढच्या हिवाळ्यात वहीत चक्रवाकाचे नाव नसेल, तर ते आलेच नाहीत, की तुम्ही घाईत दहा मिनिटांत परतलात, की एव्हाना चक्रवाक नेहमीचे झाल्यामुळे लिहायचे राहिले, हे त्या वाचणाऱ्याला ठरवता येत नाही. खरे तर काही वर्षांनी तुम्हालाही ठरवता येणार नाही. म्हणून नोंदीत पक्ष्याइतकेच आपल्या पाहण्याचेही वर्णन हवे. कुठे पाहिले, कोणत्या तारखेला, किती वाजता सुरुवात केली, किती वेळ थांबलो, किती चाललो, बरोबर किती जण होते, आणि ओळखू आलेले सगळे पक्षी लिहिले की निवडक, एवढ्या गोष्टी असल्या की वहीतील नोंदही मोलाची ठरते, आणि त्या नसल्या तर ॲपमधील नोंदही अर्धवट राहते.

या गोष्टींपैकी शेवटची, म्हणजे ओळखलेले सगळे लिहिले की निवडक, ही नवख्यांना सर्वांत क्षुल्लक वाटते, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ई-बर्डवर यादी पाठवताना ‘ही पूर्ण यादी आहे का’ असा प्रश्न येतो. पूर्ण याचा अर्थ त्या जागेवरचा प्रत्येक पक्षी तुम्हाला दिसला असा नाही. जे पाहून किंवा ऐकून ओळखता आले त्यातील एकही मुद्दाम वगळला नाही, एवढाच त्याचा अर्थ. कावळा, पारवा, साळुंकी, चिमणी हे पक्षी लिहायला लोकांना संकोच वाटतो, पण ते गाळले की यादी अपूर्ण होते आणि तिचा निम्मा उपयोग जातो. कारण हिशेब असा होतो: एखाद्या परिसरातून आलेल्या शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांमध्ये एखादी जात आहे, यावरून ती तिथे किती सर्रास आढळते याचा अंदाज बांधतात, आणि हे प्रमाण वर्षानुवर्षे घटते की वाढते ते पाहतात. ज्या यादीत जात नाही, ती यादीही या हिशेबात मोजली जाते. किंबहुना ‘नाही’ हे उत्तर पूर्ण यादीतूनच मिळते, निवडक यादीतून कधीच नाही.

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल अशाच याद्यांवर उभा आहे. २०२३ च्या आवृत्तीसाठी ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदी वापरल्या गेल्या, ९४२ जातींचे मूल्यमापन झाले आणि त्यातील १७८ जाती संवर्धनाच्या दृष्टीने सर्वोच्च प्राधान्याच्या ठरवल्या गेल्या. हे काम पगारी सर्वेक्षकांच्या फौजेने केलेले नाही. शनिवार-रविवारी दुर्बीण घेऊन निघणाऱ्या आपल्यासारख्यांच्या याद्यांमधून ते झाले आहे. एखादी सामान्य जात हळूहळू विरळ होत असेल तर ती गोष्ट दुर्मीळ पक्ष्यांच्या छायाचित्रांतून कळत नाही; ती कळते ती कुणीतरी कंटाळा न करता दर वेळी तिचे नाव लिहिले म्हणून.

आता प्रत्यक्ष नोंद कशी दिसावी ते सांगतो. समजा तुम्ही आणि तुमचे एक स्नेही डिसेंबरात सकाळी ६:५० ला तलावाच्या भिंतीवर पोहोचलात, भिंतीवरून सांडव्यापर्यंत आणि तिथून काठाकाठाने चाललात, आणि ७:३५ ला थांबलात. यादीच्या माथ्यावर तलावाचे नाव, तारीख, सुरुवातीची वेळ, ४५ मिनिटे, सव्वा किलोमीटर, दोन निरीक्षक. खाली हळदी-कुंकू बदक ११, वारकरी सुमारे ६०, टिटवी ६, शेकाट्या १४, तुतवार २, पांढरा धोबी ३, वेडा राघू ४, साळुंकी ९, कावळा ५, घार १. वारकऱ्यांपुढे शेरा: ‘बहुतेक थवा पलीकडच्या काठाला, धुक्यामुळे आकडा अंदाजे.’ घारीपुढे काहीच नाही, कारण तिच्याविषयी सांगण्यासारखे काही नव्हते. एवढे पुरेसे आहे. हे वहीत लिहायला फार तर पाच मिनिटे लागतात. ॲपमध्ये यादी तलावावरच सुरू केली तर वेळ आणि चाललेले अंतर ते स्वतःच मोजते, आणि नेटवर्क नसले तरी नोंद फोनमध्ये साठून राहते व घरी आल्यावर पाठवता येते.

अंतराविषयी एक बारकावा लक्षात ठेवा. ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत आलात तर अंतर एकदाच धरायचे, आणि परतताना तेच पक्षी पुन्हा मोजायचे नाहीत; ॲपने दोन्ही फेऱ्यांचे अंतर एकत्र दाखवले असेल तर ते हाताने कमी करावे. एकाच जागी उभे राहून पाहिले असेल तर ‘स्थिर’ हा प्रकार निवडावा. मुद्दाम पक्षी पाहायला न निघता, म्हणजे एसटीच्या खिडकीतून किंवा शेताच्या बांधावर काम करताना, एखादा पक्षी दिसला तर ती ‘प्रासंगिक’ नोंद. तिला पूर्ण यादी म्हणू नये.

सकाळपासून दुपारपर्यंत तलाव, ऊस, माळ आणि वाटेतला ढाबा असे सगळे एका यादीत कोंबण्याची सवय अनेकांना असते आणि ती सोडलेली बरी. तलावावर दिसलेला शेकाट्या आणि माळावर दिसलेला धाविक नकाशावरच्या एकाच ठिपक्याखाली आले की दोन्हींची जागा हरवते. ई-बर्ड चालत्या यादीसाठी साधारण ८ किलोमीटरची मर्यादा सुचवते. माझी स्वतःची शिफारस त्याहून कडक आहे. अधिवास बदलला की यादी बंद करावी आणि नवी उघडावी, आणि कोणतीही यादी तासाभरापेक्षा लांबू देऊ नये. तुमच्या बाबतीत तलावाची एक आणि माळाची एक अशा दोन याद्या नैसर्गिकच आहेत. नकाशावरचा ठिपकाही प्रत्यक्ष जागेवर लावावा. ‘फलटण’ या नावाने गावाच्या मध्यावर टाकलेली यादी तुमच्या तलावाविषयी काहीच सांगत नाही. तलाव आधीच हॉटस्पॉट, म्हणजे पक्षी पाहण्याची सर्वांसाठी खुली सामाईक जागा, म्हणून नोंदलेला असेल तर तोच निवडावा, म्हणजे सगळ्यांच्या याद्या एका ठिकाणी जमतात. नसेल तर तो हॉटस्पॉट व्हावा असे तुम्ही सुचवू शकता.

आकड्यांची अनेकांना भीती वाटते. पाचशे पक्ष्यांच्या थव्यापुढे उभे राहिले की माणूस एकतर ‘खूप’ असे लिहितो किंवा मोजणे सोडून देतो. ई-बर्डवर आकड्याऐवजी नुसती फुली मारण्याची सोय आहे, पण ‘एक्स’ आणि अंदाजे ४०० यांत चारशेचा अंदाजच अधिक उपयोगी असतो. उजनी जलाशयाकाठी भिगवणच्या दलदलीत बसलेला मालगुज्यांचा थवा मोजताना मी आधी थव्याच्या एका टोकाचे दहा पक्षी मोजतो, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवतो, मग तेवढ्याच जागेचे तुकडे पुढे सरकवत पन्नास, शंभर असे जातो, आणि शेवटी उलट दिशेने एकदा पुन्हा मोजतो. दोन आकड्यांत फार तफावत पडली तर तिसऱ्यांदा मोजतो. संध्याकाळी मुक्कामाला येणाऱ्या भोरड्यांच्या थव्यांना ही रीत लागू पडत नाही, कारण ते सतत आकार बदलतात. तिथे छायाचित्र काढून घरी मोजणे हाच विश्वासार्ह मार्ग आहे. मात्र आकडा नेहमी दिसलेल्या पक्ष्यांचा असावा, तलावावर ‘असतील’ असे वाटणाऱ्यांचा नव्हे.

ओळखीच्या बाबतीत एका गोष्टीवर मी ठाम आहे: जेवढे खात्रीने कळले तेवढेच लिहावे, आणि न कळलेले न कळलेले म्हणूनच लिहावे. तुमच्या माळावर हिवाळ्यात भोवत्ये, म्हणजे गवताळ माळांवरचे हॅरियर हे शिकारी पक्षी, येत असतील. फिकट भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या यांच्या माद्या व पहिल्या वर्षाची पिल्ले दुरून, उडताना, संध्याकाळच्या उजेडात वेगळी करणे भल्याभल्यांना जमत नाही. अशा वेळी ‘या दोहोंपैकी एक’ असा पर्याय यादीतच असतो, आणि तोही न पटल्यास नुसते ‘भोवत्या, जात अनिश्चित’ असेही लिहिता येते. पाणकावळे, वटवट्ये, तीरचिमण्या, गरुड या सर्व गटांसाठी अशी सोय आहे. ती वापरण्यात कमीपणा नाही. एखाद्या निरीक्षकाच्या यादीत अशा अनिश्चित नोंदी अजिबात नसतील तर मला त्याच्या कौशल्याचे कौतुक वाटण्याऐवजी त्याच्या निश्चित नोंदींविषयी शंका येऊ लागते.

हल्ली मर्लिनसारखी ॲप आवाज ऐकून नाव सुचवतात आणि ती शिकायला फार उपयोगी आहेत. पण त्यांनी पडद्यावर दाखवलेले नाव ही तुमची नोंद होत नाही. सह्याद्रीच्या जंगलात हरेवा आणि भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजाच्या इतक्या बेमालूम नकला करतात की ॲप निमूटपणे त्या दुसऱ्या पक्ष्याचे नाव दाखवते. नाव सुचले की पक्षी शोधावा, किंवा तो आवाज स्वतःच्या कानाने पूर्वीपासून ओळखत असल्यास तेवढ्यापुरती खात्री करावी, आणि मगच यादीत घालावे.

तुम्ही पाठवलेल्या एखाद्या नोंदीवर कधीतरी परीक्षकाचा संदेश येईल. प्रत्येक जिल्ह्यासाठी, महिन्यानुसार कोणती जात किती संख्येने अपेक्षित आहे याची एक चाळणी ठेवलेली असते. तिच्यात न बसणारी नोंद आपोआप बाजूला पडते आणि मग एखादा स्वयंसेवक ती पाहतो. अनेकांना हा अविश्वास वाटतो आणि ते दुखावतात. खरे म्हणजे तो माणूस आपला मोकळा वेळ खर्चून तुमची नोंद पक्की करायला मदत करत असतो. अशा वेळी ‘मला शंभर टक्के खात्री आहे’ या वाक्याचा काही उपयोग नसतो. पक्षी किती अंतरावर होता, उजेड कुठून येत होता, आकार कोणत्या ओळखीच्या पक्ष्याएवढा होता, चोच, पाय, पंखावरचे पट्टे यांपैकी नेमके काय दिसले, आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जाती कशावरून नाकारल्या, हे लिहावे. धूसर असले तरी छायाचित्र जोडावे. पक्षीनिरीक्षक ज्याला ‘रेकॉर्ड शॉट’ म्हणतात, म्हणजे केवळ ओळख पटण्यापुरते काढलेले छायाचित्र, ते सुंदर असण्याची गरज नसते. एवढे करूनही नोंद मान्य झाली नाही तर ती तुमच्या स्वतःच्या यादीत राहतेच. फक्त सार्वजनिक नकाशावर आणि अभ्यासात ती धरली जात नाही.

एका चुकीच्या नोंदीने किती नुकसान होऊ शकते याचा आपल्या खानदेशाशी जोडलेला एक दाखला आहे, आणि तो मी नव्या निरीक्षकांना आवर्जून सांगतो. रानपिंगळा ही घुबडाची जात ब्रिटिश पक्षीशास्त्रज्ञ ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये विज्ञानाला ज्ञात करून दिली. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात तिचे काही नमुने गोळा केले, आणि १८८४ नंतर ती पुन्हा कुणाला खात्रीने सापडली नाही. तरीही १९१४ ची एक नोंद पुस्तकांत होती. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातील एका नमुन्यावर गुजरातेतील तापीकाठच्या मांडवीचे नाव होते, आणि तो माणूस नामवंत असल्यामुळे त्यावर कुणी शंका घेतली नाही. पुढे अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्या नमुन्याची कसून तपासणी केली, तेव्हा तो डेव्हिडसन यांच्याच जुन्या नमुन्यांपैकी एक असून, संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्यावर खोटी तारीख आणि खोटी जागा चिकटवलेली आहे असे निष्पन्न झाले. ती नोंद बाद झाल्यावर शोधाचा रोख जुन्या अस्सल नमुन्यांच्या जागांवर वळला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ, म्हणजे तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, रानपिंगळा प्रत्यक्ष दिसला. ११३ वर्षांनी! त्यांना तिथवर नेले ते डेव्हिडसन यांनी प्रामाणिकपणे लिहिलेल्या जागेने. आपण कुणी लबाडी करत नाही हे खरे, पण ‘साधारण कुठेतरी तिकडेच’ म्हणून मनाने भरलेली जागा आणि ‘बहुधा तेवीस तारीख असेल’ म्हणून लिहिलेली तारीख यांचा परिणाम वाचणाऱ्यावर तसाच होतो.

आता व्हॉट्सॲप गटाविषयी. तो बंद करा असे मी म्हणणार नाही. एखादा पक्षी ओळखायला अडला तर दहा मिनिटांत चार जाणकारांचे मत तिथेच मिळते, एखाद्या तलावावर राडारोडा पडू लागल्याची बातमीही तिथेच आधी पोहोचते, आणि नवीन माणसाला बरोबर कुणी तरी भेटते ते तिथूनच. पण गट ही नोंद साठवण्याची जागा नव्हे. तिथे टाकलेल्या छायाचित्रातील तारीख-वेळेची मूळ माहिती सहसा गळून पडते, संदेश आठवड्याभरात शेकडो सुप्रभातांखाली गाडला जातो, आणि तेच छायाचित्र दोन वर्षांनी फिरत फिरत ‘आज सकाळी आमच्या गावात’ अशा ओळीसह परत येते. तेव्हा गटावर गप्पा कराव्यात, विचारावे, सांगावे. नोंद मात्र वहीत आणि ई-बर्डवर करावी आणि हवे तर गटावर यादीचा दुवा टाकावा. तुम्ही दोघे-तिघे बरोबर जात असाल तर एकानेच यादी करून ती इतरांना ॲपमधूनच वाटावी. प्रत्येकाला आपली प्रत मिळते, आपल्याला न दिसलेला पक्षी त्यातून काढता येतो, आणि अभ्यासात त्या सगळ्या प्रती मिळून एकच फेरी धरली जाते. तिघांनी स्वतंत्रपणे तेच आकडे भरले तर अकरा बदकांची कागदावर तेहतीस होतात.

ई-बर्डखेरीज इतर मार्गही आहेत आणि ते वाईट नाहीत. पक्ष्यांबरोबर फुलपाखरे, झाडे, सरडे यांचीही छायाचित्रे काढत असाल तर आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल सोयीचे पडते. आवाज ध्वनिमुद्रित करण्याची आवड असेल तर झेनो-कँटो. मात्र तिथे एकेका दर्शनाची नोंद होते, पूर्ण यादीची नव्हे, हा फरक ध्यानात घ्यावा.

यापुढचा भाग अवघड आहे, आणि इथे परिस्थिती पाहूनच ठरवावे लागते. तुमच्या ज्येष्ठ स्नेह्यांची भीती खोटी नाही. भोवत्ये रात्री गवतात जमिनीवर उतरून मुक्काम करतात. त्या जागेचा ठिपका फिरला की संध्याकाळी गाड्या थेट गवतात शिरतात. कोकणात पावसाळ्यात तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून पिल्ले वाढवतो. त्या बिळासमोर कॅमेऱ्यांची रांग लागली की चोचीत पाल किंवा बेडूक धरलेले आई-बाप आत जायला धजत नाहीत आणि पिल्ले ताटकळतात. शृंगी घुबडांचे प्रकरण तर याहून गंभीर आहे, कारण दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपोटी घुबडांना मागणी येते आणि पकडणारे लोकही मोबाइल वापरतात. म्हणून घरटे, पिल्ले, घुबडांची दिवसा बसण्याची जागा आणि भोवत्यांचा मुक्काम या चार गोष्टींची नेमकी जागा मी कुठल्याही गटावर, कुणाच्याही आग्रहाने, सांगत नाही. घरट्याचे छायाचित्रही टाकत नाही. मागच्या डोंगराच्या आकारावरून किंवा पाटाच्या दगडी कठड्यावरून गावातला माणूस जागा बरोबर ओळखतो.

पण याचा अर्थ यादीच करू नये असा होत नाही. ई-बर्डने काही जाती संवेदनशील ठरवल्या आहेत. त्यांची जागा सार्वजनिक नकाशावर आपोआप २० किलोमीटर बाय २० किलोमीटरच्या चौकोनापर्यंत धूसर केली जाते. जी जात त्या यादीत नाही पण तुमच्या गावात तिला धोका आहे, तिच्यासाठी तुम्हाला स्वतःच विचार करावा लागतो. घरटे रिकामे होईपर्यंत यादी पाठवणे लांबवता येते, ठिपका बिळावर न लावता तलावाच्या हॉटस्पॉटवर ठेवता येतो, शेऱ्यात घरट्याचा उल्लेख टाळता येतो, आणि तेही अपुरे वाटल्यास ती एक यादी सार्वजनिक पानांवरून लपवून ठेवता येते. वहीत मात्र सगळे तपशील लिहावेत, अगदी कोणत्या बांधाच्या कोणत्या बाजूला तेही, कारण वही तुमची आहे.

साध्या, सर्रास पक्ष्यांच्या बाबतीत मात्र लपवाछपवी उलट अंगाशी येते. माळ ही कागदोपत्री बहुधा ‘पडीक’ जमीन असते. उद्या तिथे खाण, वसाहत किंवा सौर प्रकल्प आला आणि कुणी विचारले की इथे काय आहे, तर ‘आम्ही वर्षानुवर्षे जातो, पुष्कळ पक्षी असतात’ हे उत्तर पुरत नाही. महिन्यागणिक तारखा, आकडे आणि जागा असलेल्या याद्या समोर ठेवल्या तरच बोलणे पुढे सरकते. तुमच्या तलावाचे नाव नकाशावर असणे हे त्याचे एक प्रकारचे संरक्षणच आहे. तुमचे स्नेही आणि तुमचा गट या दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. फक्त गटाचे म्हणणे माळटिटवीला लावावे आणि स्नेह्यांचे घुबडाच्या कपारीला.

जुन्या वह्यांविषयी तुम्ही सर्वांत शेवटी विचारलेत, पण माझ्या मते तुमच्याजवळची सर्वांत मौल्यवान गोष्ट तीच असू शकते. वर उल्लेखलेल्या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचे मूल्यमापन झाले खरे, पण दीर्घकालीन कल काढण्याइतकी जुनी माहिती त्यांतील ३३८ जातींचीच मिळाली. त्यांपैकी ६० टक्के जाती घटलेल्या आढळल्या. उरलेल्या ६०४ जातींच्या दीर्घकालीन कलाविषयी निश्चित काही म्हणता आले नाही, कारण पूर्वीच्या नोंदी विरळ होत्या किंवा कुणाच्या तरी कपाटात होत्या. तुमच्या वह्यांत दोन हजार सालापूर्वीची किंवा त्या आसपासची पाने निघाली तर ती आधी घ्या.

काम सावकाश करायचे. ज्या पानावर तारीख आणि जागा स्पष्ट आहे ते घ्यावे. वेळ आणि अंतर लिहिलेले नसेल तर ‘ऐतिहासिक’ हा प्रकार निवडावा, आकडा नसेल तिथे फुली मारावी, आणि त्या दिवशी सगळे पक्षी लिहिले होते याची आठवण नसेल तर यादी अपूर्ण म्हणूनच नोंदवावी. तारीख नसलेले पान अंदाजाने भरू नये. तेव्हा केलेली जी ओळख आज संशयास्पद वाटते ती वरच्या गटाच्या नावाने, म्हणजे ‘गरुड, जात अनिश्चित’ अशी लिहावी. भरण्याआधी प्रत्येक पानाचे फोनवर छायाचित्र काढून ठेवावे, कारण वाळवी आणि पावसाळा या दोघांनाही वह्या आवडतात. नावे इंग्रजीत भरणे अवघड जात असेल तर ई-बर्डवर पक्ष्यांची नावे मराठीतही निवडता येतात. पण जुन्या पानावर नुसते ‘पाणकावळा’ किंवा ‘बगळा’ असे असेल, तर कोणती जात याचा निर्णय त्या पानावरच्या इतर खुणांवरूनच करावा.

सुरुवात कधी करावी हे ठरत नसेल तर जानेवारी धरा. त्या महिन्यात आशियाई पाणपक्षी गणना होते, जी १९८७ पासून चालत आली आहे, आणि फेब्रुवारीत चार दिवसांची ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असते, ज्यात किमान पंधरा मिनिटांची यादीही चालते. तोवर महिन्यातून दोनदा, शक्यतो त्याच वाटेने आणि त्याच सुमारास, तलावाची एक आणि माळाची एक यादी करत राहा. उन्हाळ्यातही जा, जेव्हा तलावात गुडघाभर चिखल आणि चार टिटव्यांखेरीज काही नसते. तुमच्या तालुक्यातून एप्रिल-मेच्या याद्या जवळजवळ कुणीच भरत नसणार.